फुकट की मोकळे? ‘फ्री’ ह्या एका शब्दाविषयी विचार

इंग्रजी भाषेतील काही शब्द आमच्या खेडोपाडी असे रुळले आहेत की, ज्या आजीबाईस इंग्रजीचे एक अक्षर ठाऊक नाही तीही ते सहज बोलते. ‘फ्री’ हा त्यांपैकीच एक होय. आठवड्याच्या बाजारात दुकानदार एका वस्तूवर दुसरी ‘फ्री’ देतो. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा एस. टी. च्या गाडीत ‘फ्री’ बसतात. ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाली. रास्त भावाच्या दुकानात पूर्वी तांदळाला तीन रुपये व गव्हाला दोन रुपये किलोमागे पडत असत. जानेवारी २०२३ पासून ते धान्य ‘फ्री’ झाले. काम आटोपून ओट्यावर बसलेला गडी म्हणतो, “आज मी फ्री आहे.” जी सून सासूशी मन उघडून बोलते ती सासूशी ‘फ्री’ आहे असे शेजारणी म्हणतात. आणि स्वातंत्र्याच्या दिवशी शाळेतील मुलगा इंग्रजी भाषण म्हणतो, त्यातही आमचा देश ‘फ्री’ झाला असे येते.

शब्द एक आणि अर्थ चार. दाम न पडता मिळालेले ते फ्री. कामावाचून रिकामा तो फ्री. आडपडदा नसलेला तो फ्री. आणि कोणाच्या ताब्यात नसलेला तोही फ्री. मराठीत ह्या प्रत्येकास वेगळा शब्द आहे: फुकट, रिकामा, मनमोकळा, स्वतंत्र. इंग्रजाने हे चारही अर्थ एका पिशवीत घातले आहेत. वाचक म्हणतील, परक्या भाषेच्या पिशवीशी आमचे काय काम? काम आहे ते असे. आमचे काही तरुण उपदेशक भाषणात म्हणू लागले आहेत की, “तारण फ्री आहे.” ऐकणारा त्याचा अर्थ ‘फुकट’ असा घेतो आणि मनात म्हणतो, ‘फुकटचा माल, त्याची किंमत ती काय असणार?’ उपदेशकाला सांगायचे असते एक आणि ऐकणाऱ्याच्या कानी पडते दुसरे. म्हणून ह्या शब्दाची जरा उकल करावी असे आम्हांस वाटते.

प्रथम त्याचे मूळ पाहू. भाषाशास्त्री सांगतात की, ‘फ्री’ आणि मित्र ह्या अर्थाचा ‘फ्रेंड’ हे दोन्ही इंग्रजी शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत, आणि आपला ‘प्रिय’ हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. आपल्या ‘पितृ’ शब्दाच्या जागी इंग्रजीत ‘फादर’ येतो, ‘पद’ शब्दाच्या जागी ‘फूट’ येतो. तसाच आपल्या ‘प्री’ धातूचा तिकडे ‘फ्री’ झाला. प्रिय ह्या शब्दाला स्वतंत्र हा अर्थ कसा आला? जुन्या काळी मोठ्या घरात दोन प्रकारची माणसे असत. काही घरधन्याची लेकरे व आप्त, म्हणजे प्रिय माणसे. बाकीची विकत घेतलेली दास. जी प्रिय होती तीच बंधनात नव्हती. अशा रीतीने ‘प्रिय’ म्हणजे ‘घरचा’, आणि ‘घरचा’ म्हणजे ‘मोकळा’ अशी ही साखळी जुळली. तेव्हा फ्री ह्याचा मूळ अर्थ ‘फुकट’ नव्हे, ‘कोणाचाही नसलेला’ असाही नव्हे. त्याचा मूळ अर्थ ‘कोणाचा तरी लाडका’ असा आहे.

हे समजले म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय किती उजळतो पाहा! तेथे प्रभू येशू हाच भेद करतो. दास घरात कायमचा राहत नाही, पुत्र राहतो. आणि पुत्राने ज्यास मोकळे केले तो खरा मोकळा, असा त्याच्या वचनाचा आशय आहे. म्हणजे मोकळे होणे ह्याचा अर्थ घर सोडून रानोमाळ भटकणे असा नसून, घराचे लेकरू होणे असा आहे. ज्यास कोणी नाही तो मोकळा नव्हे, तो अनाथ आहे.

आता ‘फुकट’ ह्या अर्थाकडे वळू. ह्या शब्दाचा आमच्या मंडळ्यांस मोठा घाव बसलेला आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दुष्काळांत मराठी मुलखात अन्नान्न दशा झाली. मिशनांनी पोरक्या मुलांस आश्रय दिला, भुकेल्यांस अन्न दिले, आणि पुढे त्यांतील अनेकांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून ‘हे फुकटच्या भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा आमच्या पाठीस लागला तो नातवंडापतवंडांपर्यंत चालत आला आहे. ह्याला उत्तर काय द्यावे?

आमचे उत्तर असे की, भुकेल्याने भाकर घेणे ह्यात लाज नाही. भाकर देऊन कोणी विश्वास मागितला असेल तर त्याने पाप केले. भाकरीपुरता कोणी विश्वास दाखविला असेल तर त्याने आपलीच फसवणूक केली. परंतु ज्या मुलास मरणाच्या दारातून उचलून घेतले त्याने उचलणाऱ्याचा देव कोण हे विचारले, तर त्यात हीनपणा कोठे आहे? आणि गावातील ज्या घरांनी हा टोमणा मारला त्यांच्या विहिरीवर त्या मुलास पाणीदेखील भरता येत नव्हते, हेही विसरू नये. ज्याला कोठेही ‘घरचा’ म्हणत नव्हते त्याला एके ठिकाणी घरचा म्हटले गेले. त्याने त्या घराचा उंबरा ओलांडला तो केवळ भाकरीसाठी, असे म्हणणे म्हणजे माणसास पोटाखेरीज दुसरे काही नसते असे म्हणण्यासारखे आहे.

तथापि ह्या टोमण्यातून आपणही एक गोष्ट शिकावी. जगात जे घेणाऱ्याला फुकट पडते त्याची किंमत कोणीतरी दिलेली असतेच. दुकानावरचे धान्य फुकट मिळते. पण ते पिकविण्यासाठी कोणा शेतकऱ्याने रात्री पाणी धरलेले असते, आणि सरकारी खजिन्यातून, म्हणजे सर्वांच्या करांतून, त्याचा दाम चुकता झालेला असतो. देवाची कृपाही अशीच आहे. यशया संदेष्ट्याने पंचावन्नाव्या अध्यायात तान्हेल्यांस पैशावाचून बोलाविले आहे, हे खरे. पण त्या आमंत्रणाच्या आधी त्रेपन्नावा अध्याय आहे, आणि त्यात त्या पाण्याची किंमत कोणी भरली हे लिहिले आहे. ‘तारण फ्री आहे’ एवढेच सांगून जो उपदेशक थांबतो तो पंचावन्नावा अध्याय वाचतो आणि त्रेपन्नावा मिटून ठेवतो.

ह्या ‘फ्री’ शब्दाचा आमच्या मराठवाड्याच्या मंडळीशी आणखी एक जुना संबंध आहे. १८४३ साली स्कॉटलंड देशात मोठी फूट पडली. गावच्या जमीनदाराने आपल्या मर्जीतला पाळक मंडळीवर नेमावा, अशी तेथे रीत होती व सरकारी न्यायालये तिला पाठिंबा देत होती. मंडळीचा मस्तक ख्रिस्त आहे, जमीनदार नव्हे, असे म्हणून ४७० हून अधिक पाळक बाहेर पडले. त्यांचे पगार गेले, राहती घरे गेली, प्रार्थनामंदिरे गेली. त्यांनी जी मंडळी स्थापिली तिचे नाव ‘फ्री चर्च’. मुंबईत डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी ह्याच बाजूस गेले. त्यामुळे नव्या विद्यालयाच्या इमारतीवर त्यांस पाणी सोडावे लागले. त्याच वर्षी मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे ह्याच फ्री चर्चचे मिशनरी होऊन निजामाच्या राज्यात जालन्यास आले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. ज्या लोकांना आपापल्या गावी वेशीबाहेर राहावे लागे त्यांना तेथे स्वतःचे गाव मिळाले. गोदावरीच्या ह्या बाजूस आमच्या बीडच्या मुलखात राहणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. ‘फ्री’ हा शब्द आमच्या भागात दुकानदाराच्या पाटीवरून येण्याच्या फार आधी मंडळीच्या नावातून आला होता. आणि त्या नावात ‘फुकट’ असे काहीच नव्हते. त्या पाळकांना मोकळे होण्यासाठी होते नव्हते ते सोडावे लागले होते.

पण ह्याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. नव्या मंडळीस पैशांची गरज होती. १८४४ साली तिचे लोक अमेरिकेत वर्गणी गोळा करावयास गेले आणि गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेतील श्रीमंतांकडूनही त्यांनी दान स्वीकारले. फ्रेडरिक डग्लस नावाचा कृष्णवर्णी पुरुष, जो स्वतः १८३८ साली गुलामगिरीतून पळालेला होता, तो १८४६ साली स्कॉटलंडच्या गावोगावी फिरला आणि त्या मंडळीस म्हणू लागला की, ते पैसे परत पाठवा. ज्या मंडळीचे नावच ‘फ्री’ तिने गुलामांच्या घामाचा पैसा ठेवून घ्यावा काय, असा त्याचा प्रश्न होता. मंडळीने पैसे परत केले नाहीत. जिने स्वतःच्या मोकळीकीसाठी एवढे सोडले तिला दुसऱ्याच्या बेडीचा आवाज ऐकू आला नाही! आम्ही हे कोणास हिणविण्यासाठी लिहीत नाही. मोकळ्या झालेल्या माणसाने स्वतःस विचारावयाचा प्रश्न ह्यात आहे, म्हणून लिहितो.

त्याच डग्लसविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तो पळालेला होता तरी कायद्याने तो आपल्या धन्याचाच माल होता. अमेरिकेत परतताच त्याला धरता आले असते. तेव्हा १८४६ सालीच इंग्लंडातील काही ख्रिस्ती स्त्रियांनी पुढाकार घेऊन वर्गणी जमविली व सुमारे १५० पौंड देऊन त्याचे मुक्तिपत्र मिळविले. त्याला ते फुकट मिळाले. पण ते फुकट नव्हते. येथे ‘फ्री’ शब्दाचे दोन अर्थ एकमेकांस भेटतात. एकाने दाम मोजला, म्हणून दुसरा दामावाचून मोकळा झाला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने आपला प्राण ‘खंडणी’ म्हणून देण्याची गोष्ट केली आहे ती हीच. आजकाल आमच्या भागात खंडणी म्हटली की दांडगाईने उकळलेला पैसा एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. शास्त्रातील खंडणी ह्याच्या उलट आहे. ती कोणी कोणाकडून उकळलेली नाही. ज्याच्याकडे काहीच थकले नव्हते त्याने ती आपण होऊन भरली.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्टीतील गावे रिती होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी ह्या तालुक्यांतून बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात. त्यांत आमच्या मंडळ्यांतील बंधुभगिनीही असतात, आणि पुढे चार-पाच महिने प्रार्थनामंदिरात म्हातारी माणसे तेवढी उरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पावसाळ्यातच मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, नाहीतर जुन्या देण्यात संपून गेलेली असते. मग हंगामभर टनाच्या हिशेबाने ती फेडावयाची. आजारपणाने वा बाळंतपणाने एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ म्हणून रक्कम कापली जाते. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढल्या वर्षाच्या माथी चढते.

हा मनुष्य फ्री आहे काय? कायदा म्हणतो, आहे. आमच्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली आहे. १९७६ च्या कायद्याने कर्जापायी माणसास कामास बांधून ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे. आमचा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या सत्तेतून मुक्त झाला. त्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी आमच्याच अंबाजोगाईस शिक्षकाचे काम केले होते. इतके सर्व मोकळे झाले. तरी खोपीतल्या त्या बाईस अंगात ताप असता ‘आज मी येत नाही’ असे म्हणता येत नाही.

आमच्या मते मोकळ्या माणसाची ओळख दोन गोष्टींवरून पटते. पहिली ही की, त्याला ‘नाही’ म्हणता येते. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याचे ‘होय’ हे होय नव्हे. दुसरी ही की, त्याला देता येते. ज्याचे उद्याचे श्रम आजच विकले गेले आहेत त्याच्यापाशी देण्यास काय राहिले? उचल घेणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. कामाआधी काही रक्कम घेऊन रास्त हिशेबाने ती फेडणे हा व्यवहार आहे. सर्वच मुकादम दुष्ट आहेत असेही आम्ही म्हणत नाही. तोही कारखान्याकडून रक्कम घेऊन अडकलेला असतो आणि मजूर पळाले तर त्याचेच घर बुडते. परंतु जेथे हिशेब दाखविला जात नाही, जेथे कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो, जेथे बापाची बाकी लेकराच्या माथी येते, तेथे व्यवहार संपला व दास्य सुरू झाले असे समजावे.

कोणी म्हणेल, ‘पाळकांनी आत्म्याच्या मोकळीकीविषयी बोलावे, कोयत्याच्या हिशेबाशी त्यांचा काय संबंध?’ ह्यास प्रेषित पौलाने उत्तर देऊन ठेवले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो दासांस धीर देतो की, दास असताही तुम्ही प्रभूचे मोकळे लोक आहात. पण तेथेच तो म्हणतो की, मोकळे होता येत असेल तर व्हा, आणि माणसांचे दास होऊ नका, कारण तुमच्यासाठी मोल दिलेले आहे. तसेच फिलेमोनास लिहिताना पळून आलेल्या अनेसिमाविषयी तो काय म्हणतो? ह्याला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून घे. आणि त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड. वाचकहो, ‘प्रिय’ हा शब्द येथेही आला आहे, आणि त्याच्या शेजारीच खतावणीची गोष्ट आली आहे. ज्या आत्मिक मोकळीकीचे खतावणीशी वैर आहे ती पौलाची नव्हे.

मोशेच्या नियमशास्त्रातही अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, सातव्या वर्षी दासास मोकळे करशील तेव्हा त्याला मोकळ्या हाताने लावू नको. कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्याला दे. आमच्या मराठीत ‘मोकळा’ ह्या शब्दाचेही दोन अर्थ आहेत, सुटलेला आणि रिकामा, आणि ती आज्ञा नेमकी ह्याच फटीवर बोट ठेवते. माणूस सुटला पण रिकामाच राहिला, तर तो पुन्हा त्याच दारी जातो. उचल फिटली आणि घरात दाणा नसला, तर आषाढात तोच मुकादम, तीच उचल.

म्हणून आमच्या मंडळ्यांनी काय करावे? आम्ही चार साध्या गोष्टी सुचवितो. पहिली: लग्नकार्यातील खर्च आटोपशीर करावा, मोठ्या उचलीचे मूळ पुष्कळदा मांडवात असते, आणि हुंडा देणे-घेणे तर ख्रिस्ती घरात असूच नये. दुसरी: आमच्या आया-आज्या स्वयंपाकापूर्वी देवासाठी मूठभर धान्य बाजूला काढीत, ती रीत पुन्हा चालवून मंडळीची एक पेढी करावी, म्हणजे आजारपणात पहिला हात मुकादमापुढे पसरावा लागणार नाही. तिसरी: ज्यास लिहिता-वाचता येते अशा प्रत्येक उपदेशकाने उचलीचा करार वाचून दाखवावा, हिशेबाची वही ठेवावयास शिकवावे, आणि कोऱ्या कागदावर अंगठा उठवू देऊ नये. चौथी: जी मुले आईबापांमागे फडावर जातात त्यांस गावी ठेवून घेऊन त्यांची शाळा चुकू देऊ नये. म्हातारी माणसे उरतात ना? त्यांच्या ओसरीवर चार लेकरे निजली तर ओसरीलाही बरे वाटेल.

शेवटी ‘मी फ्री आहे’, म्हणजे रिकामा आहे, ह्या अर्थाविषयी दोन शब्द. नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ते मोकळे झाले ते ओट्यावर बसण्यासाठी नव्हे. अधिक लोकांचे होण्यासाठी. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल हेच शिकवितो की, मिळालेली मोकळीक देहवासनेस वाव म्हणून वापरू नका, तर प्रीतीने एकमेकांची सेवा करा. सुटका कशापासून झाली हे सांगणे सोपे आहे. ती कशासाठी झाली हे ज्याला सांगता आले त्यालाच ती खरी कळली.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, पुढच्या वेळी ‘तारण फ्री आहे’ असे सांगाल तेव्हा चारही अर्थ सांगा. दाम तुम्हांस पडला नाही, कारण तो दुसऱ्याने भरला. तुम्ही आता कोणा माणसाचे दास नाही, कारण पित्याची लेकरे आहात. पित्याशी मन उघडून बोलण्यास तुम्हांस अडथळा नाही. आणि तुमचे हात सुटले आहेत ते शेजाऱ्याची गाठ सोडविण्यासाठी. एवढे सांगाल तर ऐकणारा हसून उठून जाणार नाही. आणि गेलाच, तर फुकटचा माल म्हणून तरी नाही जाणार.

प्रभू आमच्या गावोगावच्या लहान मंडळ्यांस प्रिय म्हणून मोकळे करो, आणि हंगामास गेलेल्या सर्वांस सुखरूप घरी आणो.